जंत न होणाऱ्या मेंढ्यांची पैदास करता येते का?

दर पावसाळ्यात औषध पाजूनही कोकरं दगावतात, तर जंतच होणार नाहीत अशी पैदास करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात जंत नसलेली मेंढी मिळणार नाही. पण जंताला दाबात ठेवणारी मेंढी असते आणि तो गुण पिलांत उतरतो. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझं ठाम मत आहे की मेंढपाळांनी आता याच वाटेला लागावं, कारण तीच ती औषधं पाजून जंत त्यांना दाद देईनासे झालेत.

पावसाळ्यातला मुख्य वैरी म्हणजे हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा जंत. त्याची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. पण कळपात सगळ्यांच्या पोटात सारखे जंत नसतात. मोजक्या मेंढ्याच बहुतेक अंडी कुरणावर टाकतात. त्या ओळखून आधी विका.

सुंदरबनच्या दलदलीत चरणारी गरोल मेंढी या जंताला चांगली टक्कर देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत तिचा आपल्याकडच्या दख्खनी जातीच्या मेंढीशी संकर केला, तेव्हा संकरित कोकरांच्या लेंडीत अंडी कमी निघाली, पण वाढही कमी भरली. म्हणून मी तर म्हणेन, आपल्याच दख्खनीतून निवड करा.

निवड मेंढ्यापासून, म्हणजे नरापासून सुरू करा, कारण कळपातल्या प्रत्येक कोकरात निम्मं रक्त त्याचं असतं. माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं बाकदार नाक बघून लाखाच्या बोली लागतात, त्याची लेंडी मात्र कोणी तपासत नाही! दूध तुटलेली, एकाच वयाची, एकाच रानात चरलेली नर कोकरं घ्या. औषध पाजण्याआधी हातमोजा घालून लेंडी थेट गुदद्वारातून काढा, जमिनीवरची नको. पिशवीवर बिल्ल्याचा नंबर लिहा, त्याच दिवशी तपासणीला द्या आणि एका ग्रॅममध्ये किती अंडी निघाली ते विचारा. ज्यांची अंडी कमी आणि वजन चांगलं, ते ठेवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पैदाशीचे मेंढे असे आकडे दाखवून विकले जातात.

लेंडी काढेपर्यंत औषध थांबवावं लागतं, त्या काळात रोज कोकरांची खालची पापणी ओढून बघा. आतून लालसर असेल तर ठीक. पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं, तर लगेच औषध पाजा, निवडीसाठी जीव पणाला लावू नका. आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या आकड्यावरून तिला काढू नका, त्या दिवसांत तिची अंडी वाढतातच.