चाचणी घ्या, पण गुणांचा फलक लावू नका

पहिल्यांदाच ऑनलाइन वर्ग घेणार आहात म्हणून सांगते, ॲप कुठलं घ्यायचं यात फार वेळ घालवू नका. कुठलंही चालेल.

चाचण्या मात्र भरपूर घ्या, छोट्या आणि बिनगुणांच्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवडाभराने आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात राहतं. म्हणजे चाचणी हीच शिकवणी! पण ॲपमधला तो क्रमवारीचा फलक पहिल्याच दिवशी बंद करा. पुन्हा पुन्हा तळाशी नाव दिसलं की मूल स्वतःला 'ढ' समजू लागू शकतं, आणि तो शिक्का सहज पुसत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी वडिलांच्या फोनवरून यायची. स्क्रीनवर त्यांचं नाव, कॅमेरा बंद. मी महिनाभर तिला हाकच मारली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी विचारलं, "तुला काय म्हणू?" तिने नाव बदललं, घरचं लाडाचं नाव टाकलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा उत्तर दिलं. चुकीचं होतं, पण मोठ्याने दिलं.

पहिल्या तासाला हजेरीआधी हेच विचारा. कॅमेऱ्याची सक्ती नको. मागची भिंत प्रत्येकाला दाखवायची नसते.