पाना-पक्कड : रोटेटरचे बोल्ट काहून ढिले होतात?

प्रश्न : काका, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला, संत्र्याची बाग आहे, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, परवाना आहे. घरामागे १२ मीटरचा अँगलचा टॉवर आणि त्यावर १४ मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची (आडव्या नळ्यांची) यागी अँटेना आहे. ती फिरवायला जुना जपानी रोटेटर आहे. त्याची ८ मि.मी.ची बैठक-प्लेट गंजली म्हणून दिवाळीत वेल्डरकडून ५ मि.मी.ची नवी करून घेतली आणि ऑइल पेंटचे दोन हात मारले. बोल्ट जुनेच, स्टेनलेसचे, ८ मि.मी. जाड आणि २५ लांब, स्प्रिंग वायसरसकट. तेव्हापासून ते तीनदा ढिले झाले. दर वेळी जीव लावून कसतो. मागच्या वावधानात रोटेटर प्लेटवर टकटक वाजत होता, रात्रभर झोप नाही. आता डबल स्प्रिंग वायसर टाकू की आटे चिकटवणारा लाल लॉकर लावू?

उत्तर : भाऊ, तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचंच आहे. दुसऱ्यांदा ‘५ मि.मी.’वर नजर अडली आणि मी कागद-पेन्सिल घेतली.

हिशेब असा. तुमचा बोल्ट २५ मि.मी.चा. जुनी प्लेट ८, साधं वायसर १.६ आणि स्प्रिंग वायसर साधारण २, म्हणजे ११.६. उरलेला १३.४ मि.मी. बोल्ट रोटेटरच्या पोटात जायचा. नवी प्लेट ५ची, म्हणजे आता १६.४ आत जायला पाहतो. रोटेटरच्या बुडाची भोकं आरपार नसतात, वर बंद असतात. माझ्याकडच्या अशाच जुन्या रोटेटरची मोजली तेव्हा आटे १५ मि.मी.वर संपत होते. तुमचंही तसंच असेल तर बोल्टाचं टोक भोकाच्या तळाला टेकतं, पाना एकदम जड लागतो, तुम्ही म्हणता ‘बसला’, आणि प्लेट अजून सुटीच असते. तुम्ही जीव लावून कसता ते खरं आहे, पण तो सगळा जोर तळाला ढुसणी देण्यात जातो.

खात्री करायला फार काही लागत नाही. एक बोल्ट काढा. खराट्याची काडी भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी नखानं खूण करा आणि पट्टीवर मोजा. मग बोल्टाची लांबी वजा प्लेट वजा वायसर करा. हा आकडा काडीच्या आकड्यापेक्षा निदान दीड-दोन मि.मी. कमी हवा. कारण आटे तळापर्यंत पूर्ण कापलेले नसतात. आणखी एक खूण आहे. कसलेल्या बोल्टाचं स्प्रिंग वायसर पाहा. ते सपाट न होता तोंड वासून उभं असेल तर समजा बोल्ट तळाला टेकलाय.

तुमच्या डबल स्प्रिंग वायसरची गंमत पाहा. दोन टाकली तर २ मि.मी. आणखी वाढतील, बोल्ट १४.४च आत जाईल, तळ सुटेल आणि बोल्ट खरोखर कसला जाईल. मग तुम्ही साऱ्या तालुक्यात सांगाल की डबल स्प्रिंग वायसर म्हणजे रामबाण. काम वायसरच्या जाडीनं केलं असेल आणि नाव स्प्रिंगचं होईल. आपल्याकडं निम्मे कारखानी सल्ले असेच जन्मले आहेत.

मीही एकदा यात फसलो. हिंगणघाटकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ३१ वर्षं फिटर होतो, म्हणून नट-बोल्टाबद्दल मला कोणी शिकवायचं नाही, असा तोरा होता. स्वतःचा रोटेटर बसवताना मात्र बोल्ट ढिले झाले की लाल लॉकर ओतला. लाल लॉकर सुटायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि रोटेटरचं बूड ॲल्युमिनियमचं ओतीव, आत ग्रीस. तापवायची सोय नाही. जोर लावला तर बोल्टाबरोबर आट्यांचा चांदीसारखा भुगा बाहेर आला. शेवटी लेथवाल्याकडून भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचे आटे बसवून घेतले. दोनशे रुपयांच्या घाईपायी दोन महिने रोटेटर खाटेखाली पडून होता. म्हणून लाल लॉकर नको. निळा चालेल, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता मूळ मुद्दा. बोल्ट काहून सुटतो? लोक समजतात, हादऱ्यानं नट आपोआप फिरतो म्हणून त्याला अडवणारी वस्तू हवी. जर्मनीच्या गेरहार्ड युंकर नावाच्या इंजिनिअरानं १९६९ साली दाखवून दिलं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेचा हादरा तेवढा वाईट नाही. आडवा हादरा, म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर इकडून तिकडे घसरणं, हे खरं दुखणं. पत्रा घसरला की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि बोल्ट केसभर फिरतो. असं हजारदा झालं की तो मोकळा. आपल्या थ्रेशरचे बोल्ट आठवा. चाळणीच्या हलत्या पट्टीवरचेच नट दर हंगामात हरवतात, बुडाच्या चौकटीचे वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत.

त्यामुळं उपाय एकच आहे : पत्रा घसरूच द्यायचा नाही. तो अडतो कशानं? बोल्ट ताणला जाऊन दोन्ही पृष्ठभाग जे दाबतो त्यानं. ८ मि.मी.चा बोल्ट ग्रीस लावून १५ न्यूटन-मीटरला कसला तर साधारण टनभर दाब देतो. चार बोल्ट म्हणजे चार टन. त्यापुढं यागीची ओढ काहीच नाही. पण हा दाब मिळतो तो बोल्ट रबरासारखा ताणला गेल्यामुळं. इतका आखूड बोल्ट किती ताणला जातो? साधारण २ शतांश मिलिमीटर. बस. आणि तुम्ही वायसरखाली ऑइल पेंटचे दोन हात मारलेत! पेंटचा थर एक दशांश मि.मी.च्या घरात असतो. आपल्याकडं मे महिन्यात हवाच ४५ अंशाला टेकते, उन्हातलं लोखंड त्याहून तापतं. पेंट मऊ पडून त्या टनाखाली हळूहळू दबतो. दोन शतांश दबला की बोल्टाचा सगळा ताण गेला. बोल्ट जागचा फिरलेलाही नसतो, तरी पकड संपलेली असते. म्हणून बोल्टाच्या डोक्याखाली आणि रोटेटर जिथं टेकतो तिथं पेंट खरवडून लोखंड उघडं करा, झिंकचा पातळ स्प्रे मारा. बाकी प्लेट पाहिजे तशी रंगवा.

स्प्रिंग वायसर मी काढून टाकतो. ते सपाट व्हायला लागणारा जोर टनभराच्या मानानं किरकोळ असतो. एकदा सपाट झालं की ते साध्या वायसरइतकंच कामाचं. जाड, रुंद साधं वायसर घ्या.

प्लेट बदला. १० मि.मी.ची घ्या. ५ची वाऱ्यात पापडासारखी लवते आणि लवण्यातच आडवी घसर सुरू होते. १०ची प्लेट आणि १.६चं वायसर म्हणजे ११.६, तुमचे २५चे बोल्ट पुन्हा १३.४ आत. नवीन बोल्टाचा खर्च वाचला. तरी काडी घालून मोजल्याशिवाय कसू नका. ॲल्युमिनियममध्ये बोल्टाच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे १२ मि.मी. आटे धरलेले असले की पुरे.

वेल्डरला भोकं ९ मि.मी.ची पाडायला सांगा, ड्रिलनं. गॅसनं जाळून पाडलेलं अकरा-बाराचं भोक म्हणजे घसरायला मोकळं मैदान. ‘चालते ना भाऊ’ म्हटलं तर म्हणा, नाही चालत. भोकाच्या कडा कानशीनं साफ करून घ्या, नाहीतर धार वायसरखाली उभी राहते आणि पुढच्या महिन्यात दबते.

कसण्याची रीत. बरेच जण आधी चारही बोल्ट दाबून कसतात आणि मग वर मास्ट, म्हणजे यागी धरणारा उभा पाइप, अडकवतात. मास्ट आणि रोटेटरची धुरी एका ओळीत नसली की फिरताना प्रत्येक फेरीत रोटेटरला आडवा ढकला बसतो, म्हणजे तोच युंकरचा हादरा. म्हणून आधी ओळंबा धरून टॉवरचा वरचा बेअरिंग आणि मास्ट सरळ करा. बोल्ट हातानं टेकवा, कसू नका. मग रोटेटर पूर्ण एक फेरी फिरवा. तो आपली जागा आपण शोधतो. आता समोरासमोरचे बोल्ट, थोडे थोडे करत कसा. मास्ट क्लॅम्पचंही असंच करा. मास्ट क्लॅम्पमध्ये फिरत असेल तर जास्त कसून पाइप चपटा करू नका, क्लॅम्पला आरपार बोल्टाची जागा असेल तर मास्टला भोक पाडून तो घाला.

कसण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर अडू नका. तुमच्याकडं वेचणीचा कापूस मोजायचा ताणकाटा असेलच, नसेल तर शेजाऱ्याकडं मिळेल. १३ नंबरच्या रिंग पान्यावर, बोल्टाच्या मध्यापासून १५ सें.मी.वर सुतळी बांधा, काट्याचा हुक तिथं अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काटा १० किलो दाखवेल तेव्हा १५ न्यूटन-मीटर झाले. रोटेटरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारी म्हणाला, काका रोटेटर तोलून विकता काय!

स्टेनलेस बोल्ट कोरडा, झटपट फिरवला तर आट्यातच जाम होतो. म्हणून ॲन्टिसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) नाहीतर निदान ग्रीस लावा, पाना सावकाश फिरवा. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस ओलाव्यात एकमेकांना खातात, त्यालाही ग्रीस आडवं येतं. निळा लॉकर लावायचा तर ग्रीस नाही. आटे पेट्रोलनं कोरडे करा, लॉकर लावा, कसा, आणि २४ तास यागी हलवू नका, कारण स्टेनलेसवर तो हळू धरतो. एका बोल्टावर दोन्ही कधीच नाही. आणि लॉकर हा योग्य कसलेल्या बोल्टाचा राखणदार आहे, ढिल्या बोल्टाचा इलाज नाही.

कसून झालं की मुलीची नेलपॉलिश घ्या. बोल्टाच्या डोक्यापासून प्लेटवर सलग एक रेघ मारा. नंतर खालून दुर्बिणीनं पाहिलं तरी रेघ तुटली की नाही कळतं. पंधरा दिवसांनी एकदा काट्यानं पुन्हा तपासा. बसणं-दबणं बहुतेक तेवढ्यात उरकतं. मग आखाजीला, वावधानांच्या आधी, आणि दसऱ्याला अवजारं पुजताना. चढायचं ते पहाटे. दुपारी अँगल हाताला चटका देतो आणि चटका बसलेला हात पाना सोडतो. पट्टा बांधा, रोटेटरची वीज घरातून काढून घ्या, आभाळ गडगडत असेल तर चढूच नका.

एक सवय सोडा. जपान ऐकून लगेच युरोपकडं उलटं बटण दाबू नका. यागीचे एलिमेंट दहा-दहा मीटरचे, एवढं धूड थांबायच्या आत उलटं ओढलं की चारही बोल्टांना झटका बसतो. थांबू द्या, पाच सेकंद मोजा, मग फिरवा.

प्रश्न : काका, मी यवतमाळ जिल्ह्यातली विद्यार्थिनी, नवीनच हॅमचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे सुरुवातीचा, परवाना मिळालाय. १४५ मेगाहर्ट्झच्या पाच एलिमेंटच्या यागीसाठी टीव्हीच्या अँटेनाचा जुना छोटा रोटेटर चालेल का?

उत्तर : चालेल, बाई. तुझ्या यागीचे एलिमेंट जेमतेम मीटरभराचे, वजन नगण्य. पण त्याच्यावर उंच मास्ट उभारू नको. यागी रोटेटरच्या वर हातभरच ठेव. यू-बोल्टांना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लाव, आणि काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नको, त्याचा नायलॉन एकदा कापला गेला की पकड कमी होते. केबलला फिरण्यापुरता ढिला वेढा ठेव, नाहीतर बोल्ट राहतील आणि केबल तुटेल. आणि अभिनंदन, तुझं हॅमचं संकेतनाव आता व्हीयू३नं सुरू होणार.

प्रश्न : वानरं यागीवर झोके घेतात. बूम, म्हणजे यागीचा मधला लांब दांडा, वाकलाय, रोटेटर हलतो. कोणता बोल्ट लावू?

उत्तर : कोणताच नाही. बूमच्या टोकाला दहा-बारा किलोचं वानर उडी मारून बसलं की तो झटका रोटेटरच्या पोटातल्या दातांवर जातो, बोल्ट कितीही घट्ट असले तरी. टॉवरजवळच्या निंबाच्या आणि आंब्याच्या फांद्या छाटा, उडी पोचणार नाही इतक्या. माझ्याकडं आता फक्त एकच म्हातारं वानर येतं, तेही टॉवरच्या पायथ्याशी बसून शेंगा खातं.