दोन क्लास सारखे दिसतात, मग पॅरेंट क्लास काढू का?

तुमच्या प्रोग्रॅममध्ये बचत खातं आणि चालू खातं असे दोन क्लास, म्हणजे एकेका प्रकारच्या गोष्टीचे साचे, आहेत, दोन्हींत शिल्लक, भरणा आणि पैसे काढणं आहे, म्हणून वर 'खातं' हा पॅरेंट क्लास, म्हणजे दोघांतलं समान ते ठेवणारा मूळ साचा, काढावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात काढू नका.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिताना मी नेमका हाच क्लास काढला होता. भरा आणि काढा या दोन मेथड, म्हणजे क्लासला सांगायची कामं, त्यात ठेवल्या. मग मुदत ठेव आली. तिच्यात पैसे एकदाच भरायचे आणि मधेच हवे असतील तर ठेवच मोडायची, म्हणून 'काढा'मध्ये एक्सेप्शन, म्हणजे 'हे चालणार नाही' असं सांगून थांबणं, टाकला. आवर्त ठेवीचा हप्ता ठरलेला, म्हणून 'भरा'मध्ये अट आली. पिग्मीत एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पैसे आणतो, म्हणजे खातेदार वेगळा, भरणा करणारा वेगळा. कर्ज खात्यानं तर बाजूच उलटवली. बघता बघता पॅरेंट क्लास 'तू नक्की कोणत्या प्रकारचं खातं?' असं विचारणाऱ्या इफनी, म्हणजे 'जर-तर' अटींनी, भरला. पॅरेंटला असं विचारावं लागलं, की सामान्यीकरण चुकलंय असं मी आता धरूनच चालतो.

वाट दाखवली ती तिथल्या अकाउंटंट बाईंनी. त्यांनी खतावणी, म्हणजे प्रत्येक खात्याचं पान असलेली हिशेबवही, उघडली. बचत असो, पिग्मी असो की कर्ज, प्रत्येक पानावर रकाने तेच: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. मला हवं असलेलं साम्य त्या पानात होतं. खात्यांमधला फरक होता तो पैसे काढू कधी द्यायचे आणि व्याज कसं आकारायचं, एवढाच. मग खतावणीचा एकच क्लास केला, त्याला सबक्लास, म्हणजे त्यावरून बनलेला क्लास, नाही. पैसे काढण्याचा नियम आणि व्याज आकारणी हे वेगळे ऑब्जेक्ट करून प्रत्येक खात्याला जोडले.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत स्टॅक (थाळ्यांच्या चळतीसारखी, फक्त वरूनच घालायची-काढायची रचना) हा व्हेक्टरचा (कुठेही घटक घालता येणाऱ्या यादीचा) सबक्लास आहे. आत दोन्ही घटकांची यादीच ठेवतात, हे खरं. पण त्या नात्यामुळे स्टॅकच्या मधोमध घटक घुसवता येतो, जे स्टॅकमध्ये व्हायलाच नको. आज जावाचं डॉक्युमेंटेशनच स्टॅकऐवजी डेक (Deque, दोन्ही टोकांनी घटक घालता-काढता येणारी रचना) वापरा म्हणतं, पण जुना कोड मोडेल म्हणून ते नातं तोडता येत नाही.

सारखा कोड 'तिसऱ्यांदा दिसेपर्यंत थांबा', मगच तो एकत्र करा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. मी त्यात एक भर घालेन: तिसरं उदाहरण सगळ्यांत अडचणीचं निवडा. बचत आणि चालू ही जवळजवळ जुळी भावंडं, त्यांच्यावरून काहीच कळत नाही. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरांनी क्लाससाठी कार्डं वापरायची पद्धत मांडली: एका कार्डावर क्लासचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला लागणारे सोबती. मी क्लासच्याही आधी, एकेका खऱ्या खात्याचं कार्ड लिहितो. भाजीवाल्या काकूंची पिग्मी: सोमवारी काय झालं, कुणी कुणाला काय सांगितलं. फील्ड, म्हणजे क्लासमध्ये साठवलेली माहिती, जुळतात का हे मागाहून बघतो. आधी बघतो की सगळ्या खात्यांना तोच निरोप ('भरा', 'काढा' असा) देता येतो का आणि सगळे तो निमूट पाळतात का.

तेव्हा आता कर्ज खातं लिहा, पॅरेंटशिवाय. थोडा कोड दोनदा लिहावा लागेल, लागू दे. तिन्हींत जे अक्षरशः तेच उरेल, त्याचा क्लास करा. त्याला नाव सुचलं नाही, तर संस्थेच्या काउंटरवर जाऊन विचारा, त्यांच्याकडे बहुतेक वेळा ते आधीपासून असतं.