चीज घातल्यावर नाचोज मऊ पडतात, कुरकुरीत कसे ठेवायचे?
मऊ पडतात ते ओलाव्यामुळे. टोमॅटोचा गर-बिया काढून टाका, राजमा कोरडा होईपर्यंत परता, साल्सा आणि दही ताटात वाढतानाच.

चौघांना 200 ग्रॅम चिप्स, तेवढंच चीज. निम्मं मोझरेला, निम्मं चेडार. एकाची तार, दुसऱ्याची चव. घरीच किसा, तयार किसलेल्याला स्टार्च लावलेला असतो, ते एकजीव वितळत नाही. पसरट ट्रेत दोनच थर, दोन्हींवर चीज. 200 अंशांवर आधी नुसते चिप्स 4 मिनिटं, मग चीजसकट 6 ते 8. कडेला बुडबुडे आले की लगेच बाहेर काढा.

सोलापुरात असाल तर चिप्सऐवजी ज्वारीची कडक भाकरी मोडून घालाच! जाड तुकडे घ्या, पातळ कडा आधी करपतात. शेंगाचटणी मात्र शेवटी भुरभुरा. ओव्हनमध्ये ती कडवट होते.