मुरमाड अंगण आणि मोजके पाणी

प्रश्न : आमचे घर आटपाडी तालुक्यात आहे. घरासमोरची सुमारे ६०० चौरस फूट मुरमाड, उताराची जागा उघडी पडली आहे. उन्हाळ्यात तिथली धूळ घरात येते आणि वळवाच्या पावसात माती वाहून जाते. लॉन लावण्याइतका पैसा नाही आणि पाणीही नाही. कमी खर्चात काय लावता येईल? (एक वाचक)

उत्तर : लॉनचा विचार आपण केला नाही हे योग्यच झाले, कारण माणदेशात लॉन जगवायचे म्हणजे ऐन उन्हाळ्यात टँकरचे पाणी गवताला घालायचे. आपल्या जागेसाठी माझी पहिली पसंती चिनी गुलाबाला आहे. ऊन चढले की त्याची फुले उमलतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून पुष्कळ जण त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. त्याचे एक पान बोटांत चिरडून पाहा, लगेच पाणी सुटते. पानांत आणि खोडात साठवलेल्या या पाण्यावरच ते ताण सोसते.

रोपे विकत घेण्याची गरज नाही. शेजाऱ्यांकडून मूठभर फाटे मागून आणावेत, त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करून खालची पाने काढावीत आणि एक दिवस सावलीत ठेवून मगच लावावेत. काप ओला असताना लावलेला तुकडा कुजण्याचा संभव असतो.

सगळी जागा एकदम हाती घेऊ नये. एक फूट अंतर धरले तरी ६०० तुकडे लागतील, आणि ते पसरेपर्यंत मधले तण हाताबाहेर जाईल. मृगाच्या पावसानंतर वाफसा आला की वरच्या बाजूची १०० चौरस फूट जागाच खणावी, गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढाव्यात. हे काम अतिशय कंटाळवाणे आहे, हे मी जाणतो. पण एक गाठ राहिली तरी लव्हाळा पुन्हा चिनी गुलाबातून डोके काढतो आणि मग फाटे न दुखावता तो उपटणे फार अवघड जाते. नंतर कुजलेले शेणखत मिसळून उताराला आडव्या ओळी धराव्यात आणि प्रत्येक तुकडा वरच्या ओळीतील दोन तुकड्यांच्या मधोमध बसेल असा लावावा, म्हणजे वाहत्या पाण्याला सरळ वाट मिळत नाही. पुढच्या पावसाळ्यात याच वाफ्यातील फाट्यांवर उरलेली जागा भरत नेता येईल.

झाडाच्या सावलीत चिनी गुलाब नीट फुलत नाही. तिथे बुटका रोइओ (वरून हिरव्या, खालून जांभळ्या पानांचे शोभेचे झाड) लावावा. जांभळ्या फुलांची पसरट घाणेरीही पाण्याचा ताण सोसते, पण अंगणात शेळ्या-गुरे येत असतील तर ती नकोच, कारण घाणेरीचा पाला जनावरांना विषारी असतो. पिवळ्या फुलांचे वेडेलिया कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ते पेरापेराला मुळे धरत कुंपणाबाहेर जाते आणि इतर झाडोऱ्याला दाबून टाकते.

लावणीनंतर पहिला महिनाभर पावसाने उघडीप दिल्यास दोन-तीन दिवसांआड झारीने पाणी द्यावे. एकदा मुळे धरली की उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा संध्याकाळी दिलेले पाणी साधारणपणे पुरते, आणि त्यासाठी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते. रोज पाणी घातले तर मुळे कुजतात.

दाट झाडोऱ्यात साप-विंचू लपतील ही शंका पुष्कळ वाचक विचारतात, आणि ती रास्त आहे. चिनी गुलाब साधारण वीतभरच वाढतो, तरीही भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा मोकळा ठेवून त्यावर बारीक खडी पसरावी.