मराठी ब्राउझर आणि मोबाइल कंपनीचा नकार

प्रश्न : आम्ही तिघांनी राजारामपुरीत मजकूर मराठीत वाचून दाखवणारा अँड्रॉइड ब्राउझर बनवला. एका मोबाइल कंपनीच्या नव्या फोनमध्ये तो आधीच घालून देण्याचं जवळजवळ ठरलं होतं. आयत्या वेळी त्यांचे अधिकारी फोनवर म्हणाले, "प्ले स्टोअरच्या करारामुळे जमणार नाही." कोल्हापुरात दावा लावावा का?

उत्तर : दिवाणी दावा मुळीच लावू नका. स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 61 तिथेच आडवं येईल; आयोगाच्या कक्षेतले वाद दिवाणी न्यायालयाने ऐकायचे नाहीत, असं ते सांगतं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आता गावात आलं असलं, तरी तिथे रिट याचिका करण्याची वेळ अजून आलेली नाही. तुम्ही जायचं ते दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे.

20 ऑक्टोबर 2022 रोजी आयोगाने गुगलला 1337.76 कोटींचा दंड ठोठावला. अ‍ॅप स्टोअरमधल्या वर्चस्वाच्या जोरावर क्रोमची जागा राखल्याचा ठपका त्यात आहे. प्ले स्टोअर हवं तर क्रोम, सर्च, यूट्यूबही घाला, ही सक्ती बंद करण्याचा आदेशही त्यातच आहे. मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने (आयोगाच्या आदेशांवरचं अपील इथे चालतं) चार निर्देश रद्द केले, पण हा निर्देश आणि दंड कायम ठेवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पण क्रोम घालावाच लागणं वेगळं आणि दुसरा ब्राउझर घालताच न येणं वेगळं. मोबाइल कंपनीच्या अधिकाऱ्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते फक्त तोंडी आहे. आजच मेल टाका : 'आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे प्ले स्टोअरच्या करारामुळे आमचा ब्राउझर घेता येत नाही. कराराची कोणती अट आड येते, ते कृपया कळवावे.' उत्तर नाही आलं, तरी तुमचं म्हणणं तारखेसह नोंदलं जाईल.

सक्तीची अट अजून चालू असल्याचं लेखी आलं, तर आदेशभंगासाठी कलम 42 आणि नव्या चौकशीसाठी कलम 19, दोन्ही वाटा खुल्या होतात. कलम 19 खालची माहिती घटनेपासून तीन वर्षांत द्यावी लागते. आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते; धंदा याच कंपन्यांशी करायचा आहे, तेव्हा ती जरूर करा. 'आम्हाला तुमचा ब्राउझर पसंत नाही' एवढंच उत्तर आलं, तर मात्र केस नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

भरपाई नंतरची. कायदाभंग सिद्ध झाल्यावर कलम 53एन खाली ती न्यायाधिकरणाकडे मागता येते. तोवर कराराचे मसुदे, सर्व्हरची बिलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा. तिघांपैकी कुणीही फोन बदलणार असेल, तर आधी बॅकअप घ्या.