गाडीची पॉवर सीट हलत नाही? मोटर शेवटी बघ

अरे, मोटर जळाली असं गिऱ्हाईकाला सांगायची घाई करू नकोस. आधी दार उघड, आतला दिवा लागू दे आणि सीटचं बटण दाब. दिवा किंचित मंदावला तर मोटर करंट खेचतेय, म्हणजे बहुधा रूळ नाहीतर गिअर अडकलाय. खाली बघ, एखादं नाणं किंवा पेनाचं टोपण सापडेल. दिवा ढिम्म राहिला तर आधी फ्यूज तपास, मग सीटखालचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), मग अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर.

आपल्या सांगलीत कपलरवर जास्त वेळ घालव. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णेचं पाणी किती गाड्यांत शिरलं! गालिचा वाळतो, पिना मात्र हिरव्या पडतात.

मोजताना कपलर जोडलेलाच ठेव, मागून पिन घालून मोज. सुटा कपलर 12 व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की झोपतो. यात मीपण फसलोय. बटण दाबल्यावर अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात अर्धा व्होल्टच्या वर दिसलं, तर अर्थ खराब.

साध्या स्विचमध्ये बटण सोडलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला असतात. पुढे दाबलं की एकीला 12, मागे दाबलं की दुसरीला. सीट एकाच दिशेने जात असेल तर संशय स्विचवर घे. मेमरी सीटला (ठरवलेली जागा लक्षात ठेवणाऱ्या) मॉड्यूल, म्हणजे छोटा कंट्रोल कॉम्प्युटर असतो, तिथे स्कॅनर (फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लाव.

आणि पिवळा कपलर दिसला की मीटर खाली ठेव, तो एअरबॅगचा. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी सोड आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांब.